पुराचं तोंड

पूर धरायला जाणं म्हणजे काय, हे आता आमच्या गावातल्या पोरांनाही समजावून सांगावं लागतं. खाली मांजरेवर धरण झालं, वर बंधारे झाले, आणि नदी कधी आली, कधी गेली ते काठावर उभं राहून कुणी बघत नाही. आमच्या वेळी नदी यायची. महिनोन् महिने नुसती वाळू असलेल्या पात्रात एखाद्या दिवशी पाटोद्याच्या डोंगराकडून पाणी यायचं. त्याचा पहिला जोर बसला की गावातली पाच-सहा पोरं छातीखाली फळी घेऊन वरच्या वळणावर पाण्यात उतरायची, आणि दोन-अडीच कोस खाली, जिथं नदी रुंद होऊन संथ होते तिथं बाहेर निघायची. मग ओल्या अंगानं चालत परत. यातून मिळायचं काहीच नाही. वाहून आलेलं एखादं लाकूड हाताला लागलं तर लागलं. पण ज्यानं एकदा पूर धरला त्याला पुढच्या पुरापर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. फळी पांगाऱ्याची असायची, कारण ते लाकूड हलकं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाळलेले दुध्या भोपळे बांधलेले. ह्या जोडणीला आम्ही सांगड म्हणायचो. हात फळीवर आणि पायांनी दिशा धरायची, एवढीच विद्या.

मी धनगराची पोर. लोकर कातरायच्या आधी मेंढरं डोहात धुवावी लागतात, आणि एखादं घाबरून मध्ये गेलं की कुणीतरी त्याच्या मागं जावंच लागतं. आमच्या घरात ते कुणीतरी म्हणजे मी. त्यामुळं मी लहानपणीच पोहायला लागले आणि माझं पोहणं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मोठी झाले, लुगडं नेसायला लागले, तेव्हा ते एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. माय म्हणायची, "आता बास झालं. लोकं इचारत्याल, पोरीला काय काय येतं, तर काय सांगू, पान्यात वाहून जाया येतं?" पण मुरली मला पोरांतलीच समजायचा. मुरली भोयाचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, आमच्या सगळ्यांचा म्होरक्या. गावच्या दूध संस्थेत तो सायकलवरून कॅन वाहायचा. संथ पाण्यात सांगडीवर कसं आडवं व्हायचं, भोवऱ्याला पाठ कशी द्यायची, हे त्यानं मला डोहात शिकवलं होतं. खऱ्या पुरावर मात्र मी एकदाही गेले नव्हते. "फुडच्या साली नेतो तुला," असं तो म्हणाला, आणि पुढच्या साली पाऊसच पडला नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही.

त्या दोन वर्षांतलं आमचं घर मला वासासकट आठवतं. मातीच्या भिंती, बाजूला काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा, आणि ओसरीत मायच्या लोकर कातायच्या चातीचा एकसारखा भिरभिर आवाज. मेंढरं निम्म्याच्याही खाली आली होती, तरी लोकर होती तेवढी माय कातत होती. हात रिकामा ठेवला की भुकेची आठवण होते, असं तिचं म्हणणं. जेवायला रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी तव्यावरून उतरताच दगड व्हायची, आणि तिच्याबरोबर तरवट्याची नाहीतर अंबाडीची भाजी. तिखट भरपूर, तेल नावाला. मायचं माहेर नांदूरघाटचं. तिकडून कुणी आलं तर पदरात मूठभर शेंगदाणे घेऊन यायचं, आणि ते दाणे आम्ही एकेक करून, चावायची घाई न करता, तोंडात धरून ठेवायचो. आजही माझी सून शेंगदाण्याची चटणी वाटते तेव्हा मी दोन दाणे उचलते आणि तसेच धरते. तिला वाटतं मला दातांचा त्रास आहे.

सांगडी घराघरांत आढ्याला टांगलेल्या होत्या. माझी आमच्या मेंढवाड्याच्या छपरात होती. वारं आलं की भोपळ्यांच्या पोटात राहिलेल्या बिया खुळखुळायच्या, आणि तो आवाज ऐकून मी वर बघत राहायचे. सगळा गाव पाऊस मागत होता तो पिण्यासाठी, ज्वारीसाठी, जनावरांसाठी. आम्हीही मागत होतो, पण खरं सांगायचं तर मुरली, लिंबा आणि मी, आम्हा तिघांना पाऊस नको होता, पूर हवा होता. हे बोलायची लाज वाटायची, म्हणून आम्ही ते फक्त एकमेकांत बोलायचो.

दूध संस्थेचे चेअरमन होते तात्या. मोठी जमीन, पांढरी टोपी, आवाज असा की बांधावरून बोलले तरी वेशीत ऐकू यावा. दुष्काळात दूध आटलं, तशी तात्यांनी संस्थेच्या नावावर जनावरांची छावणी काढली, आणि ती काढली नदीच्या पात्रात. आज ऐकून कुणी वेड्यात काढेल, पण त्यात शहाणपण होतं. विहिरींना पाणी नव्हतं, आणि पात्रात वाळू उकरून झिरे केले तर हात-दोन हातांवर पाणी लागत होतं. काठावरच्या उंबरांची सावली होती. साखर कारखान्याकडून ट्रकनं चाऱ्याला उसाचे वाढे येत ते थेट वाळूपर्यंत उतरवता येत. दोन्ही काठांच्या मध्ये शे-सव्वाशे जनावरं दावणीला उभी, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या की वाटायचं नदीच वाजते आहे. आमच्या मेंढरांना छावणीत चारा नव्हता, तो गाईगुरांसाठी. पण आबा, म्हणजे माझे वडील, खाली पडलेले वाढ्यांचे शेंडे गोळा करायचे आणि तात्या तिकडं बघूनही न बघितल्यासारखं करायचे.

संस्थेच्या खोलीत एक रेडिओ होता आणि भिंतीवर भारताचा नकाशा. नवरात्र होऊन गेल्यावरची गोष्ट. मुरली धावत मेंढवाड्यात आला आणि मला म्हणाला, "चल लवकर, बंगालच्या समुद्रात वादळ उठलंय." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय, मग आपल्याकडं येतंय ते." लिंबाला त्यानं आधीच धरून आणलं होतं. लिंबा माझ्याच वयाचा, बाप नसलेला, आईबरोबर राहणारा. त्यांची एक गाय होती आणि ती छावणीत होती. आम्ही तिघं त्या नकाशासमोर उभे राहिलो. समुद्राचा निळा रंग उडून पांढरा पडला होता. मुरलीनं खराट्याची एक काडी मोडली, एक टोक निळ्यावर ठेवलं, दुसरं बीडवर.

"चार बोटं," तो म्हणाला.

"चार बोटं म्हंजी किती दिस बे?" लिंबानं विचारलं.

"दोन. लई तर तीन."

तात्या खुर्चीत बसून हसले. "अरे येड्यांनो, समुद्राचं वारं हितवर येतंय व्हय? मधी आख्खा तेलंगणा पडलाय."

आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. मी त्या पांढऱ्या पडलेल्या निळ्याकडं बघत राहिले. एवढं लांब, जिथली भाषा आम्हाला कळणार नाही अशा ठिकाणी पाणी उसळतंय, आणि ते उठून, चालत, डोंगर ओलांडत आमच्या वाळूत येणार. खरं वाटत नव्हतं आणि खोटंही वाटत नव्हतं. पुढं मी अंगणवाडीत नोकरी केली, पोरांना नकाशे दाखवले, एकदा खरोखरचा समुद्रही पाहिला. पण समुद्र म्हटलं की मला आजही पहिल्यांदा ती खराट्याची काडी दिसते.

पुढचे दोन दिवस आमच्या पायांना जमीन लागली नाही. सांगडी खाली काढल्या. दोन वर्षांच्या उन्हानं भोपळ्यांना भेगा गेल्या होत्या, एक उंदरांनी कुरतडला होता. लिंबा मांजरसुंब्याजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला होता, तिथून त्यानं डबाभर डांबर आणून ठेवलं होतं, कशाला ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. ते वितळवून आम्ही भेगा बुजवल्या. माय ओसरीतून बघत होती. "कावून गं, कुठं निघालीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कुठं न्हाई, नुसतं सांगड नीट करतेय." तिनं चाती पुन्हा फिरवली. चातीचा आवाज थोडा जोरात झाला.

दुसऱ्या दिवशी वारं बदललं. ऐन दुपारी उगवतीकडून वाहायला लागलं, दमट आणि कोंदट. सूर्याभोवती पिवळं खळं पडलं. आबा मेंढरं घेऊन आले आणि म्हणाले, "आज मेंढरांनी चरायला तोंड खाली घातलंच न्हाई. समदी एका जागी गोळा होऊन वाऱ्याकडं पाठ करून हुबी राहिली." आबा मोजकं बोलणारे. त्यांनी एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ होतं. मुरलीनं ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचा आनंद थोडा उतरला. तो मला म्हणाला, "शेवंते, छावणी."

आम्ही तिघं तात्यांकडं गेलो. मुरलीनं सांगितलं, की डोंगरात पाऊस झाला तर नदी येणार, आणि दोन साल कोरडी पडलेली नदी येती तेव्हा सांगून येत नाही. जनावरं वर काढा.

"वर काढा? आन पाणी कुठलं पाजू?" तात्या म्हणाले. "निम्मी जनावरं बसली तर उठत न्हाईत, त्यास्नी काठ चढवायचा व्हय? आन वादळ नाय आलं तर? आभाळाकडं बघून मी छावणी हलवत बसू का बे?"

ते रागानं बोलत नव्हते. मला तेव्हाही ते कळलं. त्यांनी त्या छावणीसाठी केलेली धावपळ सगळ्या गावानं पाहिली होती. मुरली तात्यांच्या आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "तात्या, आमी पूर धरायला जातो तवा वर एक माणूस बसवतो, पाण्याची खबर द्यायला. ते माणूस उद्यापास्नं तुमच्यासाठी बसंल. तुमी फकस्त दावी सैल ठेवा, आन खबर आली की इचारत बसू नका." तात्यांनी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "कोण बसनार?" मुरली म्हणाला, "ही. ही तिकडंच मेंढरं चारती."

वरचं वळण म्हणजे नदी तिथं एका मुरमाड टेकडीला पूर्ण वळसा घालते. पाण्यानं यायचं तर तो सगळा वळसा फिरून यावं लागतं. माणसानं टेकडीच्या पाठीवरून सरळ धाव घेतली तर पाण्याच्या निम्म्याहून कमी वेळात छावणीवर पोचता येतं. म्हणून आमचा माणूस कायम त्या टेकडीवर बसायचा. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी तिथं होते. आबांनी मेंढरं स्वतःकडं ठेवली होती, म्हणून मी एकटीच. डोंगराच्या बाजूला आभाळ शाईसारखं काळं होतं आणि तिकडं रात्रभर विजा दिसल्या होत्या. आमच्या डोक्यावर मात्र नुसते पांढरे ढग पळत होते, मधूनच ऊन पडत होतं, आणि पाऊस म्हणाल तर एक थेंब नाही. खाली पात्रात वाळू पसरलेली, कोरडी, पांढरी, चमकणारी. तिच्यात टिटवी पळत होती.

मग वारं एकदम पडलं.

पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी मोठा कळप पळत येतोय. हजारो खूर एका वेळी मुरमावर पडावेत तसा, जाड, न थांबणारा आवाज. मी उठून उभी राहिले. कळप कुठं दिसेना. दिसली ती धूळ. पात्राच्या पलीकडच्या टोकाला जमिनीलगत धुळीचा एक लांबट पट्टा उठला आणि पुढं सरकायला लागला. पाण्याच्या आधी धूळ येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या धुळीमागून आलं ते पाण्यासारखं नव्हतंच. ती एक काळी-तांबडी, कमरेएवढी उंच, लोळत येणारी वस्तू होती. तिच्यात काटेरी झुडपं होती, दोन वर्षांचं वाळलेलं गवत, शेणाच्या गोवऱ्या, एक अख्खं बाभळीचं झाड, जे मुळं वर करून कोलांट्या घेत होतं. तिच्या पुढची वाळू पाण्याला गिळत होती आणि फुसफुसत होती. वाळूतली दोन वर्षांची कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर फुटत होती. आणि ऊन पडलेलं. त्या उन्हात ते सगळं, कुणाचीही घाई नसल्यासारखं, पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरून चालत आलं. चालत आलं असंच म्हणावं लागेल. त्याच्या पाठीमागं पाणी उंच होत होतं, आणखी उंच, आणि डोंगरापर्यंत दिसेल तिथवर ते येतच होतं.

मला पळायचं होतं. त्याचसाठी मी तिथं बसले होते. आणि मी उभी राहिले. माझ्या पायांनी ऐकलं नाही असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं, पण ते खोटं आहे. पायांना मी सांगितलंच नव्हतं. छावणी, तात्या, मुरली, मी स्वतः, यातलं काही डोक्यात उरलंच नव्हतं. एवढं मोठं काही मी पाहिलं नव्हतं आणि पुढं कधी पाहिलं नाही. मला मुलं झाली तेव्हा, माणसं गेली तेव्हा, मनाला जे काही झालं ते मला ओळखीचं वाटलं. हे ओळखीचं नव्हतं. ते पुराचं तोंड टेकडीच्या पायथ्याशी आलं, वळलं, आणि त्याचा गार, कुजट, मातकट श्वास माझ्या तोंडावर बसला, तेव्हा मी भानावर आले. तोवर किती वेळ गेला, मला आजही सांगता येत नाही.

मग मी धावले. काटे, दगड, काही बघितलं नाही. छावणीच्या वरच्या काठावर पोचले तेव्हा मला ओरडता येईना. मी नुसता हात वर केला. मुरलीनं पाहिलं आणि तो ओरडला, "पाणी आलं! सोडा!" तात्यांनी वर आभाळाकडं बघितलं, तिथं ऊन होतं, मग माझ्याकडं बघितलं. माझ्या पायांतून रक्त येत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि स्वतः पहिल्या दावणीची दावी सोडायला लागले. "इचारू नका, सोडा, हाणा वर!" जनावरं हलेनात. महिनोन् महिने एका जागी उभी राहिलेली, त्यांना वाटलं चारा आला. तेव्हा आबांनी आमची मेंढरं पात्रात उतरवली आणि लगेच उलटी वळवून, त्यांची ती जिभेची टकटक करत, काठाच्या चढावर घातली. मेंढरं चढताना पाहून पुढच्या दोन गाई चालू लागल्या, आणि मग सगळी रांग हलली. घंटांचा, माणसांचा, काठ्यांचा आवाज एक झाला.

शेवटी राहिली लिंबाची गाय. ती बसलेली होती. तिला लिंबा, मुरली, तात्या आणि लिंबाच्या आईनं मिळून उठवलं, पोटाखाली दोर घालून, आणि ती उठली. आठ-दहा पावलं चाललीसुद्धा. काठ हाताच्या अंतरावर होता. तेव्हा वळणावरून ते तोंड आलं. मुरलीनं लिंबाला कमरेला धरून मागं ओढलं, कुणीतरी त्याच्या आईला वर घेतलं, तात्या चिखलात पडत-उठत वर आले, आणि दावं लिंबाच्या हातातून सुटलं. गाय हंबरली नाही. तिनं फक्त पाण्याकडं मान वळवली. मग तिथं पाणी होतं.

सगळा गाव काठावर उभा राहिला. झिरे गेले, दावणी गेल्या, वाढ्यांचे भारे तरंगत निघाले.  तात्यांसारखा माणूस हात जोडून उभा होता. संध्याकाळी आमच्याकडंही पाऊस लागला, संथ, बारीक, रात्रभर पडणारा, आणि लोक घरात जायचं सोडून त्यात बसले. सगुणाकाकी, लिंबाची आई, तेवढी घरात होती. लिंबा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू धावलीस म्हणून बाकीची वाचली शेवंते. न्हाईतर समदी गेली असती." मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

पहिल्या दिवशी मुरलीनं सांगडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन वर्षं त्या पाण्याची वाट बघितलेला तो माणूस, काठावर उकिडवा बसून नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी पाणी काठाखाली उतरलं आणि पहाटे अंधारातच येऊन तो म्हणाला, "लिंबा गाईला शोधायला खाली जातोय. चालत जाण्यापरीस पाण्यानं जाऊ. दोन्ही काठ नजरंत राहत्याल. तू येणार का?" मी मायला विचारलं नाही. सांगड उचलली आणि निघाले.

पाण्यात उतरताना गार पडले होते, दात वाजत होते. काठाजवळ पाणी ओढत होतं, आदळत होतं, कानात नुसता गोंगाट. "पाय हलव, मधी चल," मुरली ओरडला. मी पाय मारले, आणि एका क्षणी आपण मध्ये आलो हे कळलं, कारण आवाज थांबला. पुराच्या मध्ये आवाज नसतो. सगळा गोंगाट काठांवर असतो. मध्ये पाणी आणि तुम्ही एकाच वेगानं जात असता, म्हणून वाटतं आपण स्थिर आहोत, आणि काठ पळतायत. उंबर, शेतं, देवळाचं शिखर, धुणं टाकून उभ्या राहिलेल्या बाया, सगळं मुकाट्यानं मागं चाललं होतं. मी छावणीच्या जागेवरून गेले तेव्हा ती जागा माझ्याखाली कुठंतरी खोल होती. फळीखाली नदीचं अंग हलत होतं, एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखं. मला भीती वाटली नाही. मला आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं दुःख वाटलं नाही.

गाय कुठं दिसली नाही. नदी रुंद झाली तिथं आम्ही बाहेर निघालो. मुरली आणि लिंबा आणखी खालपर्यंत बघायला पुढं गेले. मी वाळूवर उभी राहिले तर समोर आबा. पहाटेपासून काठाकाठानं चालत आले होते. मेंढवाड्यातली माझी सांगड जागेवर नाही हे त्यांनी अंधारातच पाहिलं होतं म्हणे. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली, आणि आम्ही परत निघालो. रागवले नाहीत, काही विचारलं नाही. कदाचित त्यांनी विचारलं नाही म्हणूनच मी बोलले. अर्ध्या वाटेवर मी त्यांना सगळं सांगितलं, की मी पाणी आलेलं पाहिलं आणि पळाले नाही. उभी राहिले, बघत राहिले. लगेच पळाले असते तर लिंबाची गाय काठ चढली असती.

 आबा चालता चालता एवढंच म्हणाले, "हे तू मला सांगून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या दोन दुभत्या शेळ्यांपैकी जास्त दूध देणारी सोडली आणि तिचं दावं माझ्या हातात दिलं. माय चातीवरून उठून दारात आली, तिनं शेळीकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, आणि आत गेली. आबा म्हणाले, "सगुणाबाईच्या दारात बांध. काय सांगायचं ते तूच सांग."

लिंबाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. चिखलातनं शेळी ओढत मी गेले तेव्हा वाटेत भेटेल तो मला शाबासकी देत होता, आणि प्रत्येक शाबासकीनं पाय जड होत होते. काकी उंबऱ्यात बसली होती. मी शेळी खुंट्याला बांधली, तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. डोळे जमिनीकडं ठेवून, एका दमात. मग मी वर बघितलं. ती रागावलेली नव्हती. ती माझ्याकडं असं बघत होती, जसं काही मी लांबच्या गावाहून आले आहे.

"मी तवा गाईच्या शेपटाला धरून ढकलत होते," ती म्हणाली. "मग मला कुणीतरी वर ओढलं आन मी डोळेच मिटून घेतले. मी काय बी बघितलं न्हाई." थोडं थांबून तिनं विचारलं, "कसं होतं गं ते? लई मोठं होतं का?"

मी सांगितलं. आधी खुरांसारखा आवाज, मग धूळ, मग ती बाभळ मुळं वर करून कोलांट्या घेत येणारी, आणि तिच्यामागं दिसेल तिथवर चढत जाणारं पाणी, आणि वरती पडलेलं ऊन. काकीनं मला दोनदा थांबवलं. एकदा धुळीचं पुन्हा सांगायला लावलं आणि एकदा विचारलं की पाणी ह्या काठापास्नं त्या काठापतुर होतं का. मी म्हटलं, होतं. मोकळी जागा कुठंच न्हवती. ती ऐकत होती आणि तिचा हात शेळीच्या पाठीवरून फिरत होता.

"एवढं मोठं पाणी आलं होतं व्हय तिला न्यायला," काकी म्हणाली, आणि दूध काढायला भांडं आणायला आत गेली.